पात्र, योग्य आणि क्षम: एका इंग्रजी प्रत्ययाचें मराठी भवितव्य

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या एका विद्यार्थ्याची आई, जालन्यापासून दहा-बारा कोसांवर राहणारी वयस्क शेतकरी स्त्री, मुलास बरोबर घेऊन आमच्या घरीं आली. धुऱ्यावरून शेजाऱ्याशीं तिचें भांडण झालें होतें. शिवीगाळ झाली होती, दोन तडाखेहि बसले होते. ती पोलीस ठाण्यावर गेली, तेथें तिची हकीकत लिहून घेण्यांत आली आणि एक कागद तिच्या हातीं देण्यांत आला. त्या कागदावर ‘अदखलपात्र’ असा शब्द होता. मुलानें तो वाचून दाखविला होता. परंतु अर्थ सांगतांना तोहि अडखळला होता. पदरांत जपून आणलेला तो कागद आमच्यापुढें ठेवून बाईनें विचारलें, “सर, मव्हं काहीच दखल घेण्यासारखं नाही, असं लिव्हलंय का हो ह्याच्यात?”

प्रश्न वरवर कायद्याचा दिसला, तरी मुळांत तो व्याकरणाचा होता. पंचवीसाहून अधिक वर्षें आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत आहों. या शब्दाच्या पोटांत दडलेला इंग्रजी प्रत्यय आम्ही शेकडों वेळां फळ्यावर लिहिला असेल. परंतु तो मराठींत आणतांना काय हरवतें, हें इतक्या स्पष्टपणें आम्हांस कोणीं विचारलें नव्हतें. ‘अदखलपात्र’ हा ‘नॉन्-कॉग्निझेबल्’ या शब्दाचा मराठी अवतार आहे आणि त्यांतील ‘पात्र’ हें ‘एबल्’ या शेपटाचें भाषांतर आहे. कोशांत, कायद्यांत, वर्तमानपत्रांत व शास्त्रीय पुस्तकांत या एका शेपटास आपण कधीं ‘योग्य’, कधीं ‘पात्र’, कधीं ‘क्षम’, कधीं ‘शील’, तर कधीं ‘ईय’ जोडीत आलों आहों. ही निवड कोणत्या तत्त्वावर झाली व ती कोठें फसली, याचा थोडासा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम या पाहुण्याचें कूळ पाहूं. लॅटिन भाषेंत ‘बिलिस्’ हा प्रत्यय लागून धातूंपासून विशेषणें होत असत. धातूच्या गणाप्रमाणें त्याच्यापूर्वीं बहुधा ‘आ’ किंवा ‘इ’ हा स्वर येई. म्हणूनच आजहि कांहीं इंग्रजी शब्द ‘एबल्’नें व कांहीं ‘इबल्’नें संपतात, आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत तांबड्या शाईस काम मिळतें. फ्रेंचच्या वाटेनें हा प्रत्यय इंग्रजींत आला. त्याचें ‘इबल्’ हें रूप लॅटिन घराण्यांतील शब्दांपुरतेंच राहिलें. ‘एबल्’ मात्र घरजांवयासारखा स्थायिक झाला आणि खाणें, पिणें, वाचणें या अर्थांच्या अस्सल इंग्रजी धातूंनाहि बेधडक चिकटूं लागला. गंमत अशी कीं, ‘समर्थ’ या अर्थाच्या ‘एबल्’ या स्वतंत्र शब्दाशीं याचें कांहीं नातें नाहीं. तो शब्द ‘हॅबिलिस्’ या निराळ्या लॅटिन शब्दापासून निघालेला आहे. परंतु ध्वनीच्या सारखेपणामुळें लोकांनीं दोघांस भाऊ मानलें, आणि या मानलेल्या नात्यानें प्रत्ययाचा जोर वाढला.

इंग्रजांनींहि तो डोळे मिटून चालवून घेतला असें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत ‘रिलायेबल्’ या शब्दावर त्यांच्यांत कडाक्याचा वाद झाला. ‘रिलाय’ या क्रियापदापुढें ‘ऑन्’ हें अव्यय आल्यावांचून कर्म येत नाहीं. मग त्या अव्ययास मध्येंच टाकून विशेषण कसें झालें, असा आक्षेपकांचा प्रश्न होता. शेवटीं रूढि जिंकली. तथापि एका शेपटासाठीं पंडितांनीं लेखण्या झिजवाव्या, यांत भाषेवरील प्रेम दिसतें.

आतां या प्रत्ययाचा अर्थ पाहिला तर तो एकजिनसी नाहीं. ‘सोल्युबल्’ म्हणजे विरघळूं शकणारें. येथें शक्यता आहे. ‘ऑनरेबल्’ म्हणजे मान देण्यास लायक. येथें योग्यता आहे. हुंडीवरील ‘पेएबल्’ म्हणजे दिलीच पाहिजे अशी रक्कम. येथें कर्तव्य आहे. आणि ‘ड्युरेबल्’, ‘पेरिशेबल्’ हे शब्द पाहिले तर तेथें कोणी दुसरा कांहीं करीत नसून वस्तु स्वतःच टिकते किंवा नासते. शक्यता, योग्यता, कर्तव्य आणि वस्तूचा स्वभाव असे चार भिन्न अर्थ एकाच पोशाखांत वावरतात. इंग्रजी वाचकास ते वहिवाटीनें ओळखूं येतात. भाषांतरकारास मात्र प्रत्येक वेळीं पोशाख दूर करून आंतील माणूस कोण आहे हें पाहावें लागतें.

संस्कृतांत या प्रत्ययाचा जवळचा सोबती आहे. तव्य, अनीय आणि य हे ते प्रत्यय होत. पाणिनीनें त्यांना ‘कृत्य’ असें नांव दिलें. त्यांचाहि अर्थ विस्तृत आहे: करावयास हवें, करण्यास योग्य, करतां येईल असें. परंतु पाणिनि या ठिकाणीं जी सावधगिरी दाखवितो ती आपल्या कोशकारांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. ‘जेय’ म्हणजे जिंकावयाचें, आणि ‘जय्य’ म्हणजे जिंकतां येण्यासारखें, असा भेद त्यानें केवळ एका वर्णाच्या फरकानें राखला. ‘क्षेय’ आणि ‘क्षय्य’ यांचेंहि तसेंच. ‘क्रेय’ म्हणजे विकत घ्यावयाचें. पण दुकानांत विक्रीसाठीं मांडलेलें तें ‘क्रय्य’. खाण्याजोगें तें ‘भोज्य’ आणि उपभोगावयाचें तें ‘भोग्य’. म्हणजे शक्य काय आणि कर्तव्य काय, यांची गल्लत होऊं नये ही काळजी दोन सहस्र वर्षांपूर्वींच्या वैयाकरणास होती.

मराठीनें हा वारसा घेतला. शिवाय स्वतःचीहि चांगली व्यवस्था केली. शक्यता दाखविण्यासाठीं मराठीला प्रत्ययाची गरजच पडत नाहीं. तिच्या क्रियापदांतच ती शक्ति आहे. ‘मला आतां चालवत नाहीं’, ‘तें दुःख तिला सोसवेना’, ‘एवढें ओझें पोरास पेलवेल काय?’ अशीं रूपें आपण रोज बोलतों. मोरो केशव दामले यांनीं १९११ सालीं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केलें, त्याच्याहि आधीपासून आपले वैयाकरण या शक्य क्रियापदांची चर्चा करीत आले आहेत. योग्यता दाखविण्यासाठीं ‘जोगा’ आणि ‘सारखा’ आहेत: सांगण्याजोगी गोष्ट, पाहण्यासारखें गांव. वस्तूचा उपयोग किंवा स्वभाव सांगण्यासाठीं ‘आऊ’ आहे: जळाऊ लांकूड, टिकाऊ कापड, विकाऊ माल, टाकाऊ कागद. आणि हें सारें नको असेल तर नुसता ‘चा’ पुरतो. पिण्याचें पाणी आणि वापरायचें पाणी यांतील भेद आमच्या जिल्ह्यांतील प्रत्येक पोरीस उन्हाळ्यांत डोक्यावर घागर घेऊन शिकावा लागला आहे. त्यासाठीं तिला ‘पेयजल’ हा शब्द कोणीं शिकविला नव्हता.

इतकी सामग्री घरीं असतां भाषांतरकारांचा हात कोठें जातो तें पाहिलें म्हणजे नवल वाटतें. कांहीं उदाहरणें घेऊं.

‘क्षम’ हा शब्द आजकाल फार लोकप्रिय आहे. क्षम म्हणजे समर्थ. म्हणजे ज्यास तो लागतो तो स्वतः कांहीं करूं शकतो. कार्यक्षम मनुष्य काम करूं शकतो. परंतु इंग्रजी ‘एबल्’ हा बहुधा कर्मणि असतो. त्यांत वस्तूवर दुसरा कोणी क्रिया करितो. म्हणून ‘क्षम’ लावला कीं कर्त्याची आणि कर्माची अदलाबदल होते. ‘रिन्युएबल्’ ऊर्जेस ‘नूतनीकरणक्षम’ म्हणतात. कोण कोणाचें नूतनीकरण करण्यास समर्थ आहे? दुसरे लोक ‘नवीकरणीय’ म्हणतात. त्यावरून जिचें नवीकरण करावयास हवें अशी ऊर्जा, असा अर्थ संस्कृत जाणणाऱ्याच्या मनांत येतो. सूर्याचें नवीकरण करण्याची जबाबदारी सुदैवानें अद्याप कोणत्याहि खात्याकडे आलेली नाहीं. ‘पुन्हां पुन्हां मिळणारी ऊर्जा’ असें म्हटलें तर शब्द दोन वाढतात, पण अर्थ जागेवर राहतो.

‘शील’ची कथाहि अशीच. शील म्हणजे स्वभाव, संवय. सहनशील मनुष्य सोसतो, कारण तो त्याचा स्वभाव आहे. तेल नेणाऱ्या टांक्यांवर ‘ज्वलनशील’ असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें. त्याचा शब्दशः अर्थ जळण्याची संवय असलेलें, असा होतो. त्याच टांक्यांवर कोठें कोठें ‘ज्वालाग्राही’ असेंहि आढळतें, आणि तो शब्द आम्हांस अधिक पसंत आहे. ज्वाला दिसतांच तिला धरणारें, हा धोका त्यांत नेमका उतरला आहे.

‘सस्टेनेबल्’ या शब्दाचें भाषांतर मात्र केवळ ढिलें नसून उलटें झालें आहे. १९८७ सालच्या ब्रुंटलंड समितीच्या अहवालानें हा शब्द जगभर पोंचविला. पुढें २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं सतरा उद्दिष्टें ठरविलीं, तीं आपल्याकडे ‘शाश्वत विकास उद्दिष्टें’ या नांवानें ओळखलीं जातात. शाश्वत म्हणजे नित्य, ज्यास नाश नाहीं असें. मूळ शब्दाचा भर नेमका याच्या विरुद्ध आहे. जमीन, पाणी व हवा यांची शक्ति मर्यादित आहे, त्यांना जेवढें पेलवेल तेवढेंच करा, असा तो इषारा आहे. २०१२-१३ च्या दुष्काळांत आमच्या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. वर्षानुवर्षें जोपासलेलीं झाडें तोडून सरपणास लावलेलीं लोकांनीं पाहिलीं. ज्यानें तें पाहिलें त्यास ‘शाश्वत शेती’ म्हटल्यानें आश्वासन मिळतें; ‘पाण्याला पेलवेल अशी शेती’ म्हटलें असतें तर इषारा मिळाला असता. विहिरींना आश्वासनाची गरज नाहीं.

आम्ही समीक्षकहि या दोषांतून सुटलेलों नाहीं. पुस्तकपरीक्षणाच्या शेवटीं ‘एकंदरींत पुस्तक वाचनीय आहे’ हें वाक्य किती वेळां आलें असेल याची गणती नको. इंग्रजींतील ‘रीडेबल्’ म्हणजे सहज व सुखानें वाचवेल असें. मराठींतील ‘वाचनीय’ म्हणजे वाचण्याच्या योग्यतेचें. पहिला गुण शैलीचा, दुसरा मूल्याचा. रंजक पण पोकळ कादंबरी पहिल्या अर्थानें उत्तीर्ण होईल, दुसऱ्या अर्थानें नाहीं. कांहीं थोर ग्रंथांच्या बाबतींत याच्या उलट घडेल. परीक्षक एक अर्थ मनांत धरून लिहितो, वाचक दुसरा घेऊन दुकानांत जातो, आणि मग टीकेवर विश्वास उरत नाहीं अशी आपण तक्रार करितों.

जेथें भाषांतरकारानें प्रत्यय बाजूस ठेवून अर्थाकडे पाहिलें, तेथें मराठी किती सुंदर बोलते याचीहि उदाहरणें आहेत. ‘अफोर्डेबल्’ घरांना कोणीं ‘क्रयक्षम’ म्हटलें नाहीं. ‘परवडणारीं घरें’ हा शब्द आला आणि सर्वांस कळला, मग घर परवडो वा न परवडो. ज्या जमिनींत पीक घेतां येत नाहीं तिच्यासाठीं सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ हा शब्द आहे. शेताच्या पोटांतच असलेला वाईट तुकडा, हें चित्र कोणत्याहि ‘अ-योग्य’ समासानें उभें राहिलें नसतें. ‘लेजिबल्’ अक्षरास ‘सुवाच्य’, ‘पोर्टेबल्’ वस्तूस ‘सुवाह्य’ हे शब्दहि चांगले आहेत. त्यांतील ‘सु’नें सुलभतेचा अर्थ अचूक पकडला आहे.

आतां ज्या शब्दापासून आरंभ केला त्याकडे वळूं. वरील उदाहरणांत बहुतेक ठिकाणीं फार तर अर्थाची हानि होते. कायद्याच्या शब्दांत माणसाची होते.

‘कॉग्निझेबल्’ या शब्दाच्या मुळाशीं ‘जाणणें’ या अर्थाचा लॅटिन धातु आहे. फौजदारी प्रक्रियेंत मात्र त्याचा अर्थ ठरीव आहे: ज्या गुन्ह्यांत पोलीस अधिकारी वॉरंटावांचून अटक करूं शकतो, तो कॉग्निझेबल्. जेथें तसें करतां येत नाहीं आणि तपासहि दंडाधिकाऱ्याच्या आज्ञेवांचून करतां येत नाहीं, तो नॉन्-कॉग्निझेबल्. ही पोलिसांच्या अधिकाराला घातलेली मर्यादा आहे. सामान्यतः गंभीर गुन्हे पहिल्या वर्गांत व साधे दुसऱ्या वर्गांत पडतात हें खरें. परंतु दुसऱ्या वर्गांतील गुन्ह्याकडे कोणीं पाहूं नये असें कायद्यानें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. उलट तशा गुन्ह्याची दखल घेणें हें न्यायालयाचें काम मानलें आहे. म्हणजे पोलिसांच्या दृष्टीनें जो ‘नॉन्-कॉग्निझेबल्’, त्याचाच ‘कॉग्निझन्स’ दंडाधिकारी घेतो. इंग्रजी परिभाषेंतच हा गोंधळ आहे. आपल्या भाषांतरकारांनीं तो इमानेंइतबारें मराठींत उतरविला.

या बाबतींत जुना कायदा अधिक सरळ होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ‘कॉग्निझेबल्’ या शब्दाची व्याख्या होतीच. परंतु गुन्ह्यांच्या परिशिष्टांत त्या रकान्याचें शीर्षकच असें होतें कीं, पोलीस वॉरंटावांचून अटक करूं शकतात कीं नाहीं. वाचणाऱ्यास कर्ता दिसत असे, क्रिया दिसत असे, अटहि दिसत असे. १९७३ च्या संहितेंत तें वाक्य जाऊन त्या जागीं ‘कॉग्निझेबल्’ कीं ‘नॉन्-कॉग्निझेबल्’ एवढेंच उरलें. १ जुलै २०२४ पासून १९७३ ची संहिता जाऊन २०२३ ची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अंमलांत आली. कायद्याचें नांव बदललें, हे दोन शब्द तसेच राहिले. वाक्याच्या जागीं प्रत्यय बसला म्हणजे कर्ता प्रथम नाहींसा होतो, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आमच्या जिल्ह्याला या शब्दाचें आणखी एक भाषांतर ठाऊक होतें. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. जालना हा तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांतील तालुका; स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. संस्थानाच्या कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उच्च शिक्षणाचें माध्यमहि उर्दूच ठेविलें, आणि पुस्तकांच्या भाषांतरासाठीं त्याच्या आदल्याच वर्षीं स्वतंत्र विभाग उघडला. उर्दू कायदेपरिभाषेंत कॉग्निझेबल् गुन्ह्यास ‘काबिले दस्तअंदाजी’ म्हणतात. दस्त म्हणजे हात, अंदाजी म्हणजे घालणें. ज्यांत पोलिसाला हात घालतां येतो तो गुन्हा. ‘काबिल’ म्हणजे आपला ‘योग्य’च, पण पुढें ‘हात घालणें’ ही उघड क्रिया असल्यामुळें योग्यता गुन्ह्याची नसून हात घालण्याची आहे, हें ऐकणाऱ्यास कळतें. आमचे गुजराती शेजारी तर ‘पोलीस अधिकारनो गुनो’ असें म्हणतात. त्यांनीं ‘एबल्’चें भाषांतरच केलें नाहीं, अर्थाचें केलें. शब्द साधा, अर्थ स्वच्छ, आणि कोणाचा अपमान नाहीं.

मराठींत मात्र ‘दखल’ आला. अरबी मुळांतील या शब्दाला उर्दूंत हस्तक्षेपाची छटा आहे; मराठींत ‘दखल घेणें’ म्हणजे लक्ष देणें, किंमत देणें. त्यास ‘पात्र’ जोडला, आणि पात्र म्हणजे लायक. वर ‘अ’ चढला. तीन निरुपद्रवी तुकडे एकत्र आले आणि त्यांतून ‘लक्ष देण्याच्या लायकीचें नसलेलें’ असा अर्थ निर्माण झाला, जो कायद्याच्या मनांत कधींच नव्हता. प्रत्यक्षांत अशा तक्रारीचें सार ठाण्याच्या नोंदवहींत लिहावें लागतें, तक्रारदारास दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगावें लागतें, आणि नव्या संहितेप्रमाणें अशा नोंदींचा दैनंदिन अहवाल दर पंधरवड्यास दंडाधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. एवढी दखल घेऊन झाल्यावर कागदावर शिक्का बसतो तो ‘अदखल’!

‘जामीनपात्र’ आणि ‘अजामीनपात्र’ ही जोडी याच घराण्यांतील आहे. पहिल्या प्रकारांत जामीन मिळणें हा आरोपीचा हक्क असतो; दुसऱ्यांत तो देणें न देणें न्यायालयाच्या विवेकावर असतें. म्हणजे ‘अजामीनपात्र’ गुन्ह्यांतहि जामीन मिळूं शकतो व अनेकदां मिळतोहि. परंतु शब्द सांगतो कीं जामिनाची लायकीच नाहीं. त्यामुळें दोन तऱ्हेचे अनर्थ होतात. आरोपीच्या घरचीं माणसें हा शब्द ऐकून हातपाय गाळतात. आणि पुढें न्यायालयानें जामीन दिला म्हणजे फिर्यादीकडील माणसें न्यायाधीशाच्या हेतूविषयीं शंका घेतात. अ-काराच्या एका अक्षरानें न्यायसंस्थेवरील विश्वासास धक्का बसावा, ही लहान गोष्ट नव्हे.

येथें दुसऱ्या बाजूचेंहि ऐकावयास पाहिजे. महाराष्ट्र राज्याची स्थापना १९६० सालीं झाली, त्याच वर्षीं भाषा संचालनालय निघालें. १९६२ सालीं पदनाम कोश आला, १९६४ सालीं राजभाषा अधिनियम झाला. कांहीं थोड्या वर्षांत एका संपूर्ण राज्याचा कारभार मराठींत आणावयाचा होता. आमच्या मराठवाड्यांत तर उर्दू कागदांच्या जागीं मराठी कागद आले, तें पाहून ज्यांचें ऊर भरून आलें अशीं माणसें आम्हीं घरांत पाहिलीं आहेत. त्या घाईंत शब्द घडविणाऱ्यांस दोष देणें सोपें आहे. त्यांना आटोपशीर शब्द हवे होते, त्यांचीं भाववाचक नामें व नकारार्थी रूपें सहज व्हावयास हवीं होतीं. ‘पात्र’ लावला कीं हें सर्व साधतें. शिवाय ‘करपात्र उत्पन्न’ किंवा ‘शिक्षेस पात्र’ यांत लायकीचा अर्थ आतां कोणास जाणवतहि नाहीं. जें ज्यास प्राप्त होऊं शकतें तें त्याचें पात्र, असा अर्थ तेथें रूढ झाला आहे, आणि रूढीपुढें व्युत्पत्ति चालत नाहीं.

हा युक्तिवाद आम्ही बराच मान्य करितों. ‘करपात्र’ बदला असें आम्ही म्हणत नाहीं; त्या शब्दानें कोणाची दिशाभूल होत नाहीं. परंतु ‘अदखलपात्र’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. ‘कर’ या शब्दास दुसरा घरगुती अर्थ नाहीं; ‘दखल’ला आहे. आणि ‘करपात्र’ हा शब्द हिशेबनीस वाचतो, ‘अदखलपात्र’ हा मार खाऊन आलेला मनुष्य वाचतो. परिभाषा पंडितांपुरती असते तेव्हां ती कितीहि गूढ असली तरी चालते. ज्या दिवशीं ती अडाण्याच्या हातांतील कागदावर छापली जाते, त्या दिवशीं तिला रोजच्या भाषेचे नियम लागू होतात.

रूढ शब्द बदलतां येत नाहींत असेंहि नाहीं. इंग्रजींत ‘इन्फ्लेमेबल्’ हा शेंकडों वर्षांचा शब्द आहे. त्याच्या आरंभींचा ‘इन्’ नकारार्थी नाहीं. परंतु अनेकांस तो तसा वाटे, आणि पेट घेणारी वस्तु न पेटणारी समजली जाण्याचा धोका होता. विसाव्या शतकांत अमेरिकेंतील अग्निसुरक्षेचें काम करणाऱ्या मंडळींनीं ‘फ्लेमेबल्’ या आखूड शब्दाचा पुरस्कार केला, आणि आज पेट्रोलाच्या टांक्यांवर तोच दिसतो. जीवावर बेततें तेव्हां इंग्रजासारखा परंपराप्रिय मनुष्यहि उपसर्ग टाकून देतो.

मग करावें काय? भाषांतरकाराच्या मेजावर ‘एबल्’ प्रत्यय आला म्हणजे त्यानें स्वतःस तीन प्रश्न विचारावे. क्रिया करणारा कोण आहे? त्यानें ती करणें शक्य आहे, योग्य आहे, कीं आवश्यक आहे? आणि नकार असेल तर नेमकें काय नाकारलें आहे? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावर प्रत्यय शोधण्याची गरज पुष्कळदां उरतच नाहीं. या रीतीनें पाहिलें तर ‘पोलीस-अधिकाराचा गुन्हा’ आणि ‘न्यायालयाच्या आज्ञेचा गुन्हा’ असे दोन शब्द सहज सुचतात. ‘हक्काच्या जामिनाचा’ आणि ‘न्यायालयाच्या विवेकाच्या जामिनाचा’ हे शब्द लांब आहेत, पण खोटे नाहींत. याहून चांगले शब्द कोणास सुचले तर आम्हांस आनंदच आहे. आणि कायद्याच्या मजकुरांतील शब्द बदलणें दूरचें वाटत असेल, तर तक्रारदाराच्या हातीं पडणाऱ्या कागदावर त्या शब्दाखालीं एवढी एक ओळ तरी छापावी कीं, या तक्रारीचा तपास न्यायालयाच्या आज्ञेनें होऊं शकतो. त्यास नवा कोश लागत नाहीं.

त्या दिवशीं आम्ही त्या बाईस हेंच समजावून सांगितलें. पोलिसांना आपण होऊन या भांडणाचा तपास करण्याचा अधिकार नाहीं. कोर्टानें सांगितलें तर ते करितील. तुमची तक्रार रद्द झालेली नाहीं. तिनें शांतपणें ऐकून घेतलें, कागद पुन्हां घडी करून पदरांत ठेविला आणि म्हणाली, “म्हंजी आता कोर्टात जायचं. मंग तसंच लिव्हायचं की, सर.”

आमच्या इतक्या वर्षांच्या अध्यापनांतून जें निघालें नव्हतें, तें त्या बाईनें उठतां उठतां सांगितलें. परिभाषा-समितीच्या पुढील बैठकीस पंडितांच्या बरोबर अशी एखादी बाई बोलावतां आली तर पाहावें, अशी आमची नम्र सूचना आहे.